चाचणी करून घेतली तर मी दादाला नाकारते आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्या ताई 34 वर्षांच्या, बारावा आठवडा चालू. एनटी स्कॅन (गर्भाची सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईची रक्तचाचणी) मिळून रिपोर्टवर 'हाय रिस्क, डाऊन सिंड्रोम, 1:150' असं आलं. डॉक्टर पुढची चाचणी सुचवतात, नवरा 'करून घेऊ' म्हणतो. पण त्यांच्या मोठ्या भावालाच, 38 वर्षांच्या दादाला, डाऊन सिंड्रोम आहे. त्या लिहितात, "चाचणी केली आणि उद्या गर्भपाताचा निर्णय घेतला, तर 'तू जन्मायला नको होतास' असंच मी दादाला सांगितल्यासारखं होईल ना? हिटलरच्या काळात जे केलं तेच मी घरात बसून करते आहे का? आणि दादाला काय सांगू?"

ताई, जनुकीय समुपदेशनाच्या कामात मला वीसहून जास्त वर्षं झाली. तुमच्यासारखी भावंडं माझ्यासमोर बसतात तेव्हा मी आधी कागद मागते, नीतीचं बोलणं नंतर. इथेही तसंच करते.

दादाचा जुना कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा रिपोर्ट, घरात कुठे आहे का ते शोधा. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण 95 टक्के लोकांत 21 वं गुणसूत्र सुटं, तिसरं असतं. तो बीज तयार होतानाचा अपघात असतो, आणि तसं असेल तर दादामुळे तुमच्या बाळाबाबतची शक्यता फारशी वाढत नाही. पण 3-4 टक्के लोकांत ते जादा 21 वं दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बऱ्याचदा 14 व्याला, चिकटलेलं असतं. अशा काही कुटुंबांत आई किंवा वडील स्वतः ठणठणीत असून वाहक असतात, आणि बहीणही वाहक असू शकते. तुम्ही तशा वाहक असाल तर प्रत्येक गर्भारपणात शक्यता 10 ते 15 टक्क्यांच्या घरात जाते, मग तो 1:150 चा आकडा तुम्हाला लागूच होत नाही. कागद सापडला नाही तर तुमच्याच रक्ताचा कॅरिओटाइप करता येतो. हे कोणी तुम्हाला विचारलं नसेल तर विचारायला हवं होतं.

आता 1:150. याचा अर्थ तुमच्यासारख्या 150 जणींपैकी 149 जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो. रिपोर्टवर ते लाल अक्षरांत छापलेलं असतं आणि ती लाल शाई आकड्यापेक्षा जास्त बोलते. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तात उतरलेल्या गर्भाच्या डीएनएवरून करायची चाचणी, 2011 पासून उपलब्ध आहे. ती चांगली आहे, पण तीही चाळणीच, शक्यता सांगणारी, निदान करणारी नव्हे. 99 टक्के बाधित गर्भ ती पकडते आणि हजारात एखादीला खोटा इशारा देते, असं धरून हिशेब करू. तुमच्याइतकी शक्यता असलेल्या 15,000 जणी घेतल्या तर त्यांत 100 गर्भ बाधित, त्यांतले 99 सापडतील, आणि उरलेल्या 14,900 मध्ये साधारण 15 खोटे इशारे येतील. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या 114 जणींपैकी 15 जणींचं बाळ बाधित नसेल. हीच चाचणी हजारात एक शक्यता असलेल्या तरुण मुलींवर केली तर पॉझिटिव्ह आलेल्यांत जवळजवळ निम्म्या खोट्या निघतात. म्हणून नुसत्या एनआयपीटीवर कोणताही न परतवता येणारा निर्णय घ्यायचा नाही. खात्री हवी तर वारेचा नमुना (11 ते 13 आठवडे) किंवा गर्भजल तपासणी (15 आठवड्यांनंतर). दोन्हींत गर्भ आपोआप पडण्याचा थोडा जादा धोका असतो. अनुभवी हातांत तो हजारात काही एवढाच.

कागदांचं झालं. आता रात्री झोपू न देणाऱ्या, त्या हिटलरवाल्या प्रश्नाकडे येते.

त्या काळात जे झालं, त्यामागच्या विचाराचं नाव 'युजेनिक्स': 'चांगल्यां'ची संतती वाढवायची, 'वाईटां'ची थांबवायची. हा शब्द फ्रान्सिस गाल्टनने 1883 साली घडवला. हा गाल्टन म्हणजे डार्विनचा आतेमामे नात्यातला भाऊ. आपल्याकडे त्याचं भाषांतर 'सुप्रजननशास्त्र' झालं आणि सगळा घोळ त्या पहिल्या 'सु'मध्ये आहे. मूळ ग्रीक शब्दातही तोच 'सु' बसलेला आहे. सु कोणाच्या लेखी? हे ज्याने ठरवलं, त्याला स्वतःला 'कु'च्या रांगेत उभं राहण्याची वेळ कधी आली नाही.

लोकांना वाटतं की हे सगळं जर्मनीत सुरू झालं आणि तिथेच संपलं. तसं नाही. सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने 1907 साली केला. 1927 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी अशा कायद्यावर शिक्का मारला. न्यायमूर्ती होम्स यांचं वाक्य प्रसिद्ध आहे, मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या अशा अर्थाचं. त्या तीन पिढ्या कोण होत्या? व्हर्जिनियातली कॅरी बक, तिची आई एमा, आणि कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियन. कॅरीला ज्या घरी सांभाळायला ठेवलं होतं, त्या घरच्या नातलगाने तिच्यावर बलात्कार केला होता. पोट दिसायला लागल्यावर त्या घराने तिलाच 'कमी बुद्धीची आणि चारित्र्यहीन' ठरवून संस्थेत धाडलं. काही महिन्यांच्या व्हिव्हियनकडे पाहून एकीने साक्ष दिली की हे बाळ काही नीट वाटत नाही. तेवढ्यावर तिसरी पिढी सिद्ध झाली. पुढे हीच व्हिव्हियन शाळेत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजारपणात गेली. कॅरीच्या बहिणीचीही, डोरिसची, नसबंदी केली गेली. तिला सांगितलं होतं की अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. आपल्याला मूल का होत नाही हे तिला जवळपास पन्नास वर्षांनी कळलं. हे सगळं मी प्रशिक्षणार्थींना सविस्तर सांगते, कारण त्यांच्या डोक्यात युजेनिक्स म्हणजे नाझींचे बूट आणि गणवेश असतो. इथे बूट नव्हते. एक नोंदवही होती, एक साक्ष होती आणि आपण भलं करतोय अशी खात्री असलेली सुशिक्षित माणसं होती. अमेरिकेत 60,000 हून जास्त लोकांची अशी नसबंदी झाली, त्यातले सुमारे 20,000 एकट्या कॅलिफोर्नियात.

जर्मनीने 1933 साली कायदा केला. 'आनुवंशिक आरोग्य न्यायालयं' नेमली, प्रत्येकात एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. सुमारे 4 लाख लोकांची नसबंदी झाली. आंधळेपणा, बहिरेपणा, अपस्मार, स्किझोफ्रेनिया, इतकंच काय, जास्त दारूही त्या यादीत होती. 1939 पासून तर मारणंच सुरू झालं. टी-4 नावाच्या योजनेत ऑगस्ट 1941 पर्यंत 70,000 हून जास्त अपंग आणि मनोरुग्णांना वायूच्या खोल्यांत मारलं. पण त्याच्या आधीची एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते: तिथल्या शाळांच्या गणिताच्या पुस्तकात उदाहरणं असत, की एका वेड्याला पोसायला रोज इतका खर्च येतो, तर त्यात किती कुटुंबांची घरं झाली असती? एक भित्तिपत्रकही होतं, आनुवंशिक आजार असलेला हा माणूस समाजाला जन्मभरात 60,000 मार्कांना (मार्क हे जर्मन चलन) पडतो असं सांगणारं. मारण्याच्या आधी वजाबाकी शिकवली गेली.

लोकशाही देशांतही हे बराच काळ चाललं. स्वीडनमध्ये 1934 ते 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे 63,000 नसबंद्या झाल्या, बहुतेक बायकांच्या, आणि त्यांतल्या कित्येक 'संमती'च्या नावाखाली. म्हणजे सही केलीस तरच संस्थेतून सुटका. जपानचा कायदा 1948 ते 1996 पर्यंत होता. त्याखाली सुमारे 25,000 लोकांची नसबंदी झाली आणि तो घटनाबाह्य होता हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते थेट 2024 साली.

आणि आमचा व्यवसाय काही आकाशातून पडला नाही. 'जेनेटिक काउन्सेलिंग' हा शब्द 1947 साली शेल्डन रीड यांनी दिला. ते ज्या संस्थेत काम करत होते, ती चार्ल्स डाइट नावाच्या एका कट्टर सुप्रजननवाद्याच्या मृत्युपत्रातल्या पैशांवर उभी होती. समुपदेशकाने निर्णय सांगायचा नाही, फक्त माहिती द्यायची, हा आमचा पहिला नियम त्या वारशापासून पळ काढण्यासाठीच आला. पळ किती जमला, ते पुढे.

तर तुम्ही हिटलरचं काम करता आहात का? नाही. तुमच्यावर कोणी सक्ती केलेली नाही, कोणत्या वंशाची शुद्धी तुमच्या डोक्यात नाही, दुसऱ्या कोणाच्या गर्भाशयावर तुम्ही हक्क सांगत नाही. हा फरक लहान नाही आणि त्याला लहान करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण 'सरकारने केलं तर युजेनिक्स, बाईने केलं तर निवड' एवढ्यावर मी तुम्हाला घरी पाठवणार नाही, कारण ते अर्धंच खरं आहे.

डेन्मार्कने 2004 पासून सगळ्याच गर्भवतींना डाऊन सिंड्रोमची चाळणी देऊ केली. सक्ती नाही, दंड नाही. 2019 साली त्या पूर्ण देशात डाऊन सिंड्रोम असलेली 18 मुलं जन्मली. आइसलँडमध्ये निदान झालेल्या जवळपास सगळ्या गर्भारपणांचा शेवट गर्भपातात होतो. प्रत्येक निर्णय एकेका बाईचा, स्वतःचा, बहुधा रडून घेतलेला. आणि तरी बेरीज अशी येते की कोणी हुकूम दिला असता तर याहून वेगळी आली नसती. मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपातांकडे बघा. तिथेही प्रत्येक निर्णय 'खासगी' असतो, आणि तरी तो निव्वळ खासगी आहे असं आपण म्हणत नाही, कारण त्यामागे बाईच्या जगण्याची किंमत ठरवणारं एक अख्खं जग उभं आहे हे आपल्याला दिसतं. दिव्यांगांच्या बाबतीत ते जग दिसायला आपल्याला वेळ लागतो, इतकंच.

मग रेघ कुठे ओढायची? इतक्या वर्षांत मी ज्या जागी येऊन थांबले, ती सांगते. एखादा चाचणी कार्यक्रम आपलं यश कशात मोजतो ते बघा. 'इतक्या स्त्रियांनी नीट समजून, आपल्या मनासारखा निर्णय घेतला' असं मोजत असेल, आणि त्यात चाचणी नाकारलेल्या किंवा निदान कळूनही गर्भ ठेवलेल्या बायकाही यश म्हणून धरल्या जात असतील, तर ती निवड आहे. पण 'इतके बाधित जन्म टळले, चाचणीचा खर्च इतका, जन्मभराच्या संगोपनाचा वाचलेला खर्च इतका' असं मोजत असेल, तर ते शाळेच्या पुस्तकातलं उदाहरण पुन्हा फळ्यावर आलं. मी अशा बैठकांत बसले आहे. तक्ता दाखवणारे लोक सज्जन होते. तक्त्यातल्या त्या एका रकान्यात तुमचा दादा होता आणि रकान्याचं नाव 'बचत' होतं.

दुसरी जागा म्हणजे समुपदेशनाची खोली, आणि इथे मला माझंच एक सांगायला हवं. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका बाईंना मी म्हणाले, "सॉरी, रिपोर्ट चांगला नाहीये." मग वीस मिनिटं हृदयाचे दोष, बुद्ध्यंक, ल्युकेमियाचा वाढलेला धोका, थायरॉईड, सगळं अचूक सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "अशी मुलं वीस वर्षांची झाल्यावर दिवसभर काय करतात?" मला उत्तर येत नव्हतं. वॉर्डाबाहेर, धडधाकट, घरी राहणारा डाऊन सिंड्रोमचा एकही प्रौढ माणूस मी तोवर भेटले नव्हते. आजारी पडलेले तेवढे आमच्याकडे येतात, बरे असलेले कशाला येतील? त्या बाईंनी काय ठरवलं ते इथे सांगण्याचं कारण नाही. पण मी दिलेली माहिती अचूक असूनही अर्धी होती आणि तो अर्धा भाग एकाच बाजूचा होता. 'माहिती देऊन बाजूला होणं' असं आम्ही म्हणतो, पण धोका, दोष, दुर्दैवाने, टाळता येईल, हे शब्द वापरत बाजूला होता येत नाही. आता मी 'धोका' ऐवजी 'शक्यता' म्हणते. नव्या मुलांना हे पुस्तकी सौजन्य वाटतं. पोटावर हात ठेवून ऐकणारीला तसं वाटत नाही.

तुम्हाला हा उरलेला अर्धा भाग माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण तुमच्या नवऱ्याला कदाचित नसेल, म्हणून सांगते. 1983 च्या सुमारास अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य 25 वर्षं होतं, आज 60 च्या आसपास आहे. शरीर तेच, गुणसूत्रं तीच. बदललं ते इतकंच की हृदयाची ऑपरेशनं त्यांच्यावरही करायची असं डॉक्टरांनी ठरवलं आणि त्यांना संस्थांत कोंडणं कमी झालं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत डाऊन सिंड्रोम असलेल्या 284 जणांना विचारलं, तेव्हा 99 टक्क्यांनी आपण आयुष्यात आनंदी आहोत असं सांगितलं. त्याच अभ्यासमालेत मूल झाल्याचा पश्चात्ताप सांगणारे पालक 4 टक्के होते. यावर लगेच उड्या मारू नका. ही कुटुंबं पालकांच्या संघटनांमार्फत गाठलेली होती, म्हणजे बऱ्यापैकी आधार असलेली. मोडून पडलेली घरं अशा पाहण्यांना उत्तरं पाठवत नाहीत. तरीही दुसरीकडचे आकडे त्याच दिशेने बोट दाखवतात. 1999 साली संशोधक आल्ब्रेख्ट आणि डेव्हलीगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांशी बोलून लिहिलं, तेव्हा त्यांतले 54 टक्के आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम म्हणत होते. बाहेरून बघणाऱ्याला ते पटत नाही. मला तर वाटतं, बाहेरून बघणाऱ्याचा अंदाज हाच या सगळ्या विषयातला सर्वात चुकीचा मोजमाप करणारा काटा आहे.

आता तुमचा नेमका प्रश्न: गर्भपात म्हणजे दादाला दिलेला निरोप का? हा आक्षेप तुमच्या एकटीचा नाही. एड्रियन आश या विचारवंत स्वतः दृष्टिहीन होत्या आणि बाईच्या गर्भपाताच्या हक्काच्या कट्टर समर्थक होत्या. त्यांनी हा आक्षेप फार धारदारपणे मांडला. आत्ता मूलच नको म्हणून गर्भ न ठेवणं वेगळं, आणि मूल हवंय पण हे नको, असं एका गुणावरून ठरवणं वेगळं, असं त्या म्हणत. दुसऱ्या प्रकारात तो एक गुण अख्ख्या माणसाला झाकून टाकतो. येणाऱ्या मुलाबद्दल एवढं एकच कळलेलं असतं आणि तेवढ्यावर बाकी सगळं खोडलं जातं.

मला यातलं निम्मं पटतं. एका गुणाने माणूस झाकला जातो, हे रोज बघते. पण प्रत्येक बाईचा निर्णय हा दिव्यांगांना उद्देशून दिलेला निरोपच असतो, हे पटत नाही. गर्भारपणाआधी फॉलिक अ‍ॅसिड घ्यायला आम्ही सांगतो. मज्जारज्जूचा दोष असलेलं मूल आधी झालेल्या स्त्रियांमध्ये त्याने पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटतं, हे 1991 सालच्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. ती गोळी घेणारी बाई व्हीलचेअरवरच्या कोणाचा अपमान करत नसते. गोळी आणि गर्भपात एक नव्हेत, मान्य. पण अपंगत्व नसावं अशी इच्छा असणं आणि अपंग माणूस नसावा असं वाटणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि एकाच माणसाच्या मनात पहिली असून दुसरी नसू शकते. तुमच्याच मनात तसं असेल. दादाला एखादं दुखणं किंवा चष्मा असेल आणि तो काढून घेता आला तर तुम्ही काढाल, आणि दादा मात्र तोच हवा असेल.

शिवाय तुमच्या बाबतीत एक गोष्ट तत्त्वज्ञ लोक सहसा विसरतात. आईवडील थकल्यावर दादाला कोण बघणार? बहुतेक घरांत त्याचं उत्तर बहीण असतं. "मी दोघांना सांभाळू शकेन का?" हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण ओळींच्या मधे तो दिसला. तो विचारण्यात लाज नाही. उलट जिने हे काम आतून पाहिलंय, तिच्या निर्णयाला भीतीने घेतलेल्या निर्णयापेक्षा जास्त वजन आहे, मग तो कुठल्याही बाजूचा असो. मी अशा बहिणी पाहिल्या आहेत ज्यांनी चाचणीच नाकारली. चाचणी करून गर्भ ठेवलेल्या पाहिल्या. गर्भपात करून संध्याकाळी भावाला औषध द्यायला घरी गेलेल्याही पाहिल्या. तिसरीला दुसरीपेक्षा भावाबद्दल कमी प्रेम होतं, असं मला कधीच जाणवलं नाही.

सगळ्या अवस्थांना एकाच मापाने मोजू नये, हेही सांगते. टे-सॅक्ससारख्या आजारात बाळ काही महिने नीट वाढतं, मग दिसणं, गिळणं, हालचाल एकेक करून जातं आणि बहुधा पाच वर्षांच्या आत मृत्यू येतो. तिथे त्रास मुलाच्या शरीरातच आहे, जगाने रॅम्प बांधल्याने तो कमी होत नाही. ज्यूंमधल्या एका कर्मठ समाजात रब्बी जोसेफ एकस्टाइन यांची चार मुलं या आजाराने गेली. त्यांनी 1983 साली अशी पद्धत काढली की तरुणांची तपासणी होते पण कोण वाहक हे कोणालाच सांगत नाहीत. प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि लग्न ठरण्याआधी दोघांचे क्रमांक जुळतात की नाही एवढंच कळतं. कलंक कोणाच्याच कपाळी लागत नाही. याच्या उलट 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कृष्णवर्णीयांची सिकलसेल तपासणी काही राज्यांत सक्तीची झाली. वाहक आणि रुग्ण यांतला फरकही नीट सांगितला गेला नाही आणि निरोगी वाहकांना नोकरी-विम्यात फटके बसले. तपासणी दोन्हीकडे रक्ताचीच होती. बहिरेपणाचं तर आणखी वेगळं. कित्येक कर्णबधिर लोक ती उणीव मानतच नाहीत, ती त्यांची भाषा आणि समाज आहे. डाऊन सिंड्रोम टे-सॅक्स आणि बहिरेपणा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे, आणि नेमकं कुठे हे जन्माआधी कोणतीही चाचणी सांगत नाही. गुणसूत्र मोजता येतं. तो तुमच्या दादासारखा होईल की त्याहून जास्त आजारी, हे मोजता येत नाही.

गुणसूत्रांवरून आठवलं, आता बुद्धी-उंचीसाठी भ्रूण निवडून देणाऱ्या कंपन्याही आल्या आहेत. 2019 साली संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा दहा भ्रूणांतून 'सर्वोत्तम' निवडूनही बुद्ध्यंकात सरासरी अडीच गुणांचाच फायदा दिसत होता. दुकान मात्र त्याच 'सु'चं.

आता एक गोष्ट, जी या चर्चेत हटकून गळते. 'प्रजननाची निवड' म्हटलं की आपण गर्भवती, सक्षम बाईचीच निवड धरतो. दिव्यांगांच्या स्वतःच्या निवडीचं काय? बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीची पाळी 'त्रास' होतो म्हणून तिचं गर्भाशय काढून टाका, अशी मागणी घेऊन पालक आजही डॉक्टरांकडे येतात. त्यांना मी खलनायक ठरवणार नाही. अत्याचाराची भीती खरी असते. पण गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा राहत नाही. डोरिस बकला सांगितलेलं अपेंडिक्स आठवा. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या दिव्यांग हक्क करारातलं 23 वं कलम स्पष्ट सांगतं की दिव्यांग व्यक्तींना, मुलांनाही, इतरांच्या बरोबरीने आपली प्रजननक्षमता राखण्याचा हक्क आहे. लग्नाचा आणि मुलं होऊ देण्याचा हक्कही त्यातच आहे. दादाशी लग्न, प्रेम, शरीर यांबद्दल घरात कधी कोणी बोललंय का? सुप्रजननशास्त्राची खूण घरात शोधायचीच असेल, तर मी तुमच्या एनआयपीटीच्या आधी तिथे शोधेन.

आता करायचं काय. चाचणीची सुई टोचायच्या आधी तुम्ही दोघं बसून एकमेकांना उत्तर द्या: पॉझिटिव्ह आलं तर आपण काय वेगळं करू? 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर चाचणी न करणं हा पूर्ण, शहाणा पर्याय आहे. तुम्ही ती तरीही करू शकता, निव्वळ तयारीसाठी, कारण बाळाचं हृदय आधी तपासून योग्य ठिकाणी बाळंतपण ठरवता येतं. 'माहीत नाही' असं उत्तर आलं तरी चालेल, बहुतेकांचं तेच असतं. फक्त नवऱ्याला एकदा दादाबरोबर अख्खा एक दिवस घालवू दे, सणावारी भेटतो तसा नाही, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. तुम्हाला जे 34 वर्षं माहीत आहे, त्याच्या आधाराने तो बोलत नाहीये.

समुपदेशकाला बेधडक विचारा: डाऊन सिंड्रोमच्या किती प्रौढांना तुम्ही ओळखता? गर्भ ठेवायचं ठरवलं तर तुम्ही मला पुढे कोणाकडे पाठवाल? दुसऱ्या प्रश्नावर उत्तर अडखळलं, तर त्या खोलीत एकच दार आहे असं समजा आणि दुसरी खोली शोधा. वेळेचं भान ठेवा. गर्भपाताची कायदेशीर मुदत देशागणिक वेगळी आहे, आणि गर्भजल तपासणीच्या पूर्ण रिपोर्टला दोन आठवडे लागू शकतात. घाईत घेतलेला निर्णयही लादलेलाच असतो, फक्त लादणारं कॅलेंडर असतं.

आणि दादा. त्याला चाचणीचं ओझं देऊ नका. 'मी गर्भपात केला तर तुला चालेल का' असं त्याला विचारणं म्हणजे तुमच्या पोटाचा निकाल त्याच्या हातात देणं, ते त्याच्यावरही अन्याय आणि तुमच्यावरही. पण त्याने उद्या स्वतः विचारलं, तर खोटं बोलू नका. डाऊन सिंड्रोम असलेली माणसं या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त समजतात. माझ्याकडे बहिणीबरोबर आलेल्या एका तिशीतल्या भावाने भिंतीवरचा गुणसूत्रांचा तक्ता बघून 21 वर बोट ठेवलं आणि "हा मी" म्हणाला. आम्ही दोघी गप्प झालो, तो मात्र खुशीत होता.

बारावा आठवडा चालू आहे, म्हणजे बातमी सांगायला हरकत नाही. अजून सांगितली नसेल तर आज सांगा, की तू मामा होणार आहेस. पुढे काय होईल ते होईल, पण आज ती बातमी खरी आहे आणि ती त्याचीही आहे. आणि सांगायला जाल तेव्हा आईला त्या जुन्या फायलीचं विचारा. साधारण 1-2 पानी रिपोर्ट असतो. त्यावर '47' ने सुरू होणारी ओळ असेल तर एका काळजीतून तुम्ही बहुधा मोकळ्या झालात. '46' ने सुरू होऊन पुढे '14' आणि '21' दिसले, तर एनआयपीटीची वाट न बघता याच आठवड्यात तुमच्या रक्ताचा नमुना द्या.